दाखवायला सांगावे की वाढवावे?

पोळ्याच्या सायंकाळी बैलांची मिरवणूक आटोपली, की आपल्या वऱ्हाडात कित्येक गावांत पत्त्यांचे डाव बसतात. चार-दोन दिवसांनी वर्तमानपत्रात पोलिसांनी टाकलेल्या धाडींच्या बातम्याही येतात, कारण पैसे लावून खेळणे हा १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. आपण पैसे लावणार नाही. घरात चिंचोके असतील तर एक वाटीभर घ्या, नसतील तर सरकी चालेल. गणिताला दोन्ही सारखेच.

अकोल्याचा तुमचा मामेभाऊ सुटीत अमरावतीला आला आहे आणि तुम्ही दोघे तीन पत्ती खेळत बसला आहात, असे समजा. प्रत्येकाला तीन पाने. ती ज्याची त्याने पाहायची, दुसऱ्याला दाखवायची नाहीत. मधल्या ढिगात आतापर्यंत २० चिंचोके जमले आहेत. मामेभाऊ पाने पुन्हा एकदा पाहतो, घसा खाकरतो आणि १० चिंचोके पुढे सरकवतो. आता तुमची पाळी. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. पाने टाकून द्यायची, म्हणजे पॅक व्हायचे. किंवा तेवढेच १० टाकून ‘शो’ मागायचा, म्हणजे दोघांनी पाने उघडायची आणि वरचढ असेल त्याने ढीग न्यायचा. किंवा १० च्या जागी एकदम ३० टाकायचे आणि म्हणायचे, “पाहायचे असेल तर आणखी २० टाक.” घरोघरी नियम थोडे निराळे असतात. आपण आपल्या सोयीसाठी असे ठरवू, की तुम्ही वाढवल्यावर मामेभावाने एकतर पॅक व्हावे, नाहीतर २० टाकून पाने पाहावीत. त्यापुढे वाढवणे नाही.

पोकर नावाच्या पाश्चात्त्य खेळात हाच प्रसंग शेवटच्या पानाच्या वेळी येतो. तिथे मेजावर पाच पाने उघडी मांडतात आणि पाचव्याला ‘रिव्हर’, म्हणजे नदी म्हणतात. ते पान पडले, की आता नवे काही यायचे नाही. नशिबाने जे करायचे ते करून झालेले असते. उरतो फक्त समोरचा माणूस आणि आपला हिशेब. म्हणूनच हा प्रसंग विद्यार्थ्यांनी अभ्यासायला फार चांगला आहे.

आधी शो मागण्याचा विचार करू, कारण तो सोपा आहे. ढिगात २० होते, मामेभावाचे १० आले, झाले ३०. तुम्हाला १० द्यायचे आहेत. जिंकलात तर ३० मिळतील, हरलात तर १० जातील. चार वेळा असा प्रसंग आला आणि त्यांत तुम्ही एकदाच जिंकलात, तर मिळाले ३० आणि तीन वेळा मिळून गेले ३०. हिशेब फिटला. म्हणजे चारांत एकदाहून जास्त जिंकण्याची आशा असेल, तर शो मागणे फायद्याचे. ‘मी बहुधा हरणार’ असे वाटत असतानाही पाने पाहणे योग्य ठरू शकते, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही. पण त्रैराशिक येणाऱ्याला ती पटायला हरकत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. इस्पिकचा राजा, नव्वी आणि चौव्वी. तिन्ही एका रंगाची, म्हणजे ‘कलर’. हात चांगला आहे. किती चांगला? बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे निवडता येतात. त्यांत एकसारखी तीन पाने, म्हणजे ट्रेल, फक्त ५२ वेळा येतात. एकाच रंगाची ओळीने तीन पाने ४८ वेळा. रंग निरनिराळे पण पाने ओळीने, असा सिक्वेन्स ७२० वेळा. कलर १,०९६ वेळा. जोडी ३,७४४ वेळा. आणि उरलेले १६,४४० हात नुसत्या सुट्या पानांचे. बेरीज करून पाहा, २२,१०० भरते. हे आकडे मुखपाठ करण्याची गरज नाही. ज्यांचा अकरावीचा क्रमचय आणि संचयाचा धडा झाला आहे, त्यांनी ते स्वतः काढावेत. तासाभराची करमणूक आहे.

तुमच्या कलरवर मात करणारे हात कोणते? ट्रेल आणि दोन्ही प्रकारचे सिक्वेन्स मिळून ८२०. शिवाय तुमच्यापेक्षा मोठे कलर. एक्क्याचे कलर २५६ आहेत, आणि राजाच्या कलरांपैकी तुमच्या नव्वी-चौव्वीच्या वरचे १२०. एकूण १,१९६. म्हणजे २२,१०० पैकी शेकडा साडेपाचसुद्धा नाहीत. शंभरांत चौऱ्याण्णव वेळा तुम्ही वरचढ! मग विचार कसला करायचा, सरळ ३० टाका, असे तुमचा धाकटा भाऊ मागून ओरडेल.

इथेच पहिली चूक होते. मामेभावाने १० चिंचोके पुढे सरकवले, ही स्वतः एक बातमी आहे. ती मिळाल्यावर २२,१०० हात तसेच्या तसे मोजणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावरही पाऊस पडण्याची शक्यता काढत बसण्यासारखे आहे. सटरफटर पाने घेऊन तो १० टाकत नाही. आजवरच्या खेळावरून तुम्हाला असे दिसले आहे असे समजू, की तो सिक्वेन्स किंवा त्यावरचे काही असले तर टाकतो, कोणताही कलर असला तर टाकतो, एक्क्याची किंवा राजाची जोडी असली तरी टाकतो, आणि अधूनमधून हातात काही नसताना नुसती हूल देतो. मोजा. सिक्वेन्स व वरचे ८२०. कलर १,०९६. एक्क्याच्या जोड्या २८८ आणि राजाच्या २८८, मिळून ५७६. हे झाले २,४९२. हुलीचे हात ५०८ धरू, म्हणजे बेरीज ३,००० होईल आणि भागाकार करायला बरे पडेल.

या ३,००० पैकी तुमच्या वरचे १,१९६ सगळेच्या सगळे हजर आहेत. गळाले ते कमकुवत हात. तुमच्या खालचे आता उरले ७२० कलर, ५७६ जोड्या आणि ५०८ हुली, एकूण १,८०४. शंभरांत चौऱ्याण्णवचे शंभरांत साठ झाले. पाने तीच, समोरचा तोच, फक्त त्याने दहा चिंचोके सरकवले.

साठ टक्केही पुष्कळ झाले. शो मागायला पंचवीसच लागत होते. हिशेब करा: १,८०४ वेळा ३० मिळणार, १,१९६ वेळा १० जाणार. वजाबाकी करून ३,००० ने भागले, की दर डावामागे सरासरी १४ चिंचोक्यांचा फायदा येतो. पाने टाकून देण्याचा प्रश्नच नाही.

आता खरा प्रश्न. साठ टक्के वेळा आपण वरचढ आहोत, म्हणजे निम्म्याहून जास्त. मग वाढवावे की नाही? चांगले चांगले खेळणारे इथे ‘हो’ म्हणतात. मी एकदा वर्गात हा प्रश्न फळ्यावर लिहिला होता, तेव्हा जवळजवळ सगळे हात ‘हो’ला वर झाले.

पण तुम्ही वाढवल्यावर मामेभाऊ काय करील, ते एकेका हाताबद्दल विचारा. हूल देत असेल तर तो हसत पाने टाकून देईल. त्या वेळी तुम्हाला ढीग मिळेल, पण तो शो मागूनही मिळालाच असता. वाढवल्याने एका चिंचोक्याचीही भर पडली नाही. जोडी असेल तर तो बहुधा विचार करील आणि टाकून देईल. इथेही भर शून्य. त्याच्याकडे लहान कलर असेल, आणि तो जिद्दीने २० टाकून पाने पाहील, तर तुम्हाला २० जास्त मिळतील. असे हात ७२०. आणि त्याच्याकडे मोठा कलर, सिक्वेन्स किंवा ट्रेल असेल, तर तो २० टाकणारच. त्या वेळी तुमचे २० जास्त जातील. असे हात १,१९६.

म्हणजे वाढवणे योग्य की अयोग्य, हे ठरवणारी तुलना १,८०४ आणि १,१९६ यांची नाहीच. ती आहे ७२० आणि १,१९६ यांची. आणि तिथे तुम्ही मागे आहात! दर डावामागे सरासरी सव्वातीन चिंचोके शो मागण्यापेक्षा कमी मिळतील. एकूण हातांत तुम्ही पुढे असता, पण ज्या हातांवर तुमच्या २० चिंचोक्यांना उत्तर मिळते, त्यांत तुम्ही मागे असता.

सोयीसाठी मी एक गोष्ट वगळली. इस्पिकचा राजा, नव्वी आणि चौव्वी तुमच्याच हातात आहेत, तेव्हा ती मामेभावाकडे असू शकत नाहीत. ती तीन पाने काढून पुन्हा मोजले, तर एकूण हात १८,४२४ उरतात, तुमच्या वरचे १,१९६ ऐवजी बरोबर १,००० आणि खालचे कलर ७२० ऐवजी ६२१. निर्णय तोच राहतो. प्रयोगशाळेत सूत्र लावताना दोरीचे वजन सोडून देतो, तसेच हे. फक्त सोडून दिल्याने उत्तर उलटत तर नाही ना, हे एकदा तपासून घ्यावे.

मग वाढवायचे तरी कधी? वाढीला पैसे देणारे मामेभावाचे हात किती? ८२० आणि १,०९६, मिळून १,९१६. त्यांचे निम्मे ९५८. तुमचा हात या वरच्या निम्म्यात बसत असेल, तर उत्तर देणाऱ्यांपैकी अर्ध्याहून जास्त तुमच्या खाली असतील आणि वाढवणे फायद्याचे होईल. सिक्वेन्सपर्यंतचे ८२० सोडले, की वरचे १३८ कलर उरतात. एक्का-राजाचे कलर ४०, एक्का-राणीचे ४०, एक्का-गुलामाचे ३६, झाले ११६. म्हणजे एक्का-गुलामाच्या कलरपर्यंत बिनधास्त वाढवा, एक्का-दश्शीशी सीमा येते, आणि तिथून खाली शो मागा. राजाचा कलर पुष्कळच खाली राहिला. जो हात दिसायला इतका भारी वाटत होता, त्याचे योग्य काम शांतपणे दहा टाकून पाने पाहणे हेच होते.

आता मामेभावाऐवजी दुसरा कोणी बसवा. तो इतका हट्टी, की एक्क्याची-राजाची जोडी घेऊनही २० टाकल्याशिवाय राहत नाही. तर ७२० मध्ये ५७६ मिळवा: १,२९६ विरुद्ध १,१९६. लगेच पारडे फिरले. तोच राजाचा कलर, तोच ढीग, पण इथे वाढवणे किंचित फायद्याचे. किती? दर डावामागे चिंचोक्याचा दोन तृतीयांश. तुम्ही विचाराल, एवढ्याशा फायद्यासाठी इतकी मोजदाद? मीही तेच म्हणतो. पण अड्ड्यावर खेळणाऱ्यांनी याचा आणखी एक हिशेब करून पाहावा. अड्ड्याचा मालक जिंकलेल्या ढिगातून आपला वाटा काढतो. तो शेकडा पाच धरला, तर वाढीमुळे ढिगात आलेल्या जादा ४० चिंचोक्यांवर २ त्याचे. ३,००० पैकी १,२९६ वेळा ते तुमच्या विजयातून जाणार, म्हणजे सरासरी ०.८६. तुमचा फायदा होता ०.६७. बरोबर खेळूनही तुम्ही तोट्यात, आणि मालक एकही पान हाती न धरता नफ्यात. मोबाइलवर चालणाऱ्या पैशांच्या खेळांतही अशीच काटछाट होई. २०२५ साली संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला.

समोरच्याच्या सवयी कळायच्या कशा, हा प्रश्न अजून राहिलाच. सगळे डाव काही तो उघडून दाखवत नाही. थोड्यावरून पुष्कळाचा अंदाज बांधावा लागतो. या विद्येची एक फार जुनी गोष्ट आपल्याच भागाशी बांधलेली आहे. महाभारताच्या वनपर्वात नलोपाख्यान आहे. द्यूतात राज्य हरलेला नल वेष पालटून अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्ण विदर्भात कुंडिनपुराकडे निघाला. हे कुंडिनपुर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले वर्धेकाठचे कौंडिण्यपूर, असे मानतात. वाटेत एक बेहड्याचे झाड लागले. मेळघाटात गेलात तर आजही पुष्कळ दिसतात. फासे म्हणून पूर्वी याचीच फळे वापरत. ऋतुपर्णाने झाडाकडे एक नजर टाकून पाने किती, फळे किती ते सांगितले. दोन फांद्यांवरची फळे त्याने २,०९५ सांगितली. नलाचा विश्वास बसेना. त्याने रथ थांबवला, झाड पाडले आणि मोजून पाहिले. आकडा बरोबर निघाला! मग ऋतुपर्णाने त्याला ‘अक्षहृदय’, म्हणजे फाशांचे मर्म शिकवले आणि बदल्यात त्याच्याकडून घोड्यांची विद्या घेण्याचे ठरवले.

पाने मोजणे आणि फासे खेळणे या दोन गोष्टी कथाकाराने एकाच विद्येत घातल्या, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. इयान हॅकिंग यांनी संभाव्यतेच्या इतिहासावरील आपल्या १९७५ च्या पुस्तकात या कथेची दखल घेतली आहे. आणि नलाचे वागणेही पाहा. त्याने राजाचा शब्द तसाच मानला नाही, मोजून खात्री केली. (झाड पाडायला नको होते, एवढे मात्र म्हणावेसे वाटते.)

तुम्हीही तसेच करा. जेव्हा जेव्हा पाने उघडतील तेव्हा मामेभावाने कशावर किती टाकले होते ते वहीत लिहा. पाच नोंदींवरून काही ठरवू नका. अशा मोजणीतली चूक नोंदींच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. अर्धे-अर्धे असणारे प्रमाण २५ नोंदींवरून काढले, तर शेकडा १० इकडे-तिकडे होणे स्वाभाविक आहे. १०० नोंदी केल्या तर ५. अचूकता दुप्पट हवी तर मेहनत चौपट, हे कोणत्याही मोजमापात सुटत नाही.

पण मामेभाऊही हा लेख वाचत असेल तर? गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव करतात, ते तिसऱ्याला कळू नये म्हणून. इथे तर दोघेच आहेत आणि दोघांनाही दुसऱ्यापासून लपवायचे आहे. तुम्ही फक्त भारी पानांवरच वाढवता, हे त्याच्या ध्यानात आले, की तो लहान कलर निमूट टाकून देईल आणि तुमच्या वाढीला उत्तर द्यायला तुमच्याहून वरचढ हातच उरतील. तेव्हा कधी कधी तुम्हालाही हूल द्यावी लागते. किती वेळा? तुम्ही ३० टाकल्यावर ढिगात ६० होतात. त्याला २० द्यायचे आहेत, म्हणजे त्यालाही चारांत एकदा जिंकण्याची आशा पुरते. तुम्ही तीन खऱ्या वाढींमागे एक हूल ठेवली, तर पाहिले काय आणि टाकले काय, त्याला सारखेच. त्याहून कमी हूल दिली तर तो टाकत जाईल, जास्त दिली तर पाहत जाईल, आणि दोन्हीकडे तुमचेच नुकसान. हूल मात्र ठरावीक क्रमाने देऊ नका; माणूस क्रम लगेच ओळखतो. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंद काटा उपयोगी पडतो. हाती काही नसताना काटा अमुक भागात असला तरच हूल द्यायची, असे मनाशी ठरवून टाकावे. मग तुमच्या चेहऱ्यावरून तरी तो काय ओळखणार? तुम्हालाच आधी ठाऊक नसते.

हूल ही लबाडी नसून गणिताचे उत्तर आहे, हे जॉन फॉन नॉयमन यांनी दाखवले. खेळांच्या सिद्धांतावरचा त्यांचा मूळ निबंध १९२८ चा. अर्थशास्त्रज्ञ मॉर्गेनस्टर्न यांच्याबरोबर १९४४ साली लिहिलेल्या जाडजूड ग्रंथात पोकर आणि हूल यांवर स्वतंत्र विवेचन आहे. हॅरॉल्ड कून यांनी १९५० साली तीनच पानांचा एक चिमुकला पोकर मांडून तो पूर्ण सोडवला.

खरा खेळ सोडवायला मात्र संगणकाची वाट पाहावी लागली. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली जाहीर केले, की दोघांचा, ठरावीक रकमेच्या बोलीचा पोकर जवळजवळ पूर्ण सुटला आहे. रीत ऐकण्यासारखी आहे. यंत्र स्वतःशीच असंख्य डाव खेळते आणि प्रत्येक ठिकाणी पश्चात्तापाची नोंद ठेवते: इथे शो मागितला, वाढवले असते तर किती जास्त मिळाले असते? ज्या चालीबद्दलचा पश्चात्ताप साचत जातो, ती पुढे अधिक वेळा खेळायची. एवढेच. असे कोट्यवधी वेळा केले, की हुलीचे प्रमाण आपोआप योग्य जागी येऊन स्थिरावते. ते कोणी शिकवावे लागत नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ने, बोलीला मर्यादा नसलेल्या खेळात, चार व्यावसायिक खेळाडूंना १ लाख २० हजार डावांच्या सामन्यात हरवले. बोलीचे आकडे कितीही असू शकत असल्याने हा खेळ आधीच्यापेक्षा पुष्कळ अवघड होता.

आता तुमच्यासाठी एक उदाहरण. अकोल्याच्या मामेभावाचा थोरला भाऊ आला आहे. त्याच्याकडे कोणतीही जोडी असली, अगदी दुऱ्यांचीसुद्धा, तरी तो १० टाकतो आणि तुम्ही वाढवल्यावर २० टाकून पाहतोही. त्यावरचे हात तर तो सोडतच नाही. त्याच्याविरुद्ध कोणत्या हातापर्यंत वाढवावे? उत्तर गुलामांच्या जोडीत कुठेतरी येते. नेमके कुठे, ते चिंचोके घेऊन बसा आणि काढा.